काय होतं तेवढं सांग

बाईंच्या घरात एखादी वस्तू बिघडली असं म्हणायची चोरी होती. मी शहापूरला त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून गेले आणि पहिल्याच आठवड्यात माझा मिक्सर बंद पडला. मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाले, "बाई, माझा मिक्सर जळला."

बाई नाचणीचं पीठ चाळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "जळताना पायलास?"

"नाही. पण जळलाच असणार. वास आला ना."

"मग वास आला म्हण. चालू केला, घरघरला, वास आला, थांबला. तुला एवढंच माहीत हाय. जळला हे तुला कोण बोललं?"

मला असा राग आला की काय सांगू. मी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसणारी बाई. दिवसभर लोक येऊन सांगतात, मॅडम, मलेरिया झालाय, मॅडम, किडनी गेलीय, आणि मी मुकाट्याने केसपेपर लिहून देते. कोणाला कधी विचारलं नाही की मलेरिया होताना पाहिलात का. पण बाईंनी तो मिक्सर ओढून घेतला, उलटा केला, खालची तार खेचली, पुन्हा दाबून बसवली आणि माझ्या हातात दिला. तो मिक्सर अजून चालतो.

बाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. डोळखांबकडच्या एका पाड्यावरची शेतकऱ्याची पोर, शिकली, एक्स्चेंजमध्ये लागली, आणि सगळी नोकरी कोणाचा फोन का बंद आहे हे शोधण्यात घालवली. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कोणी विचारलं तर म्हणायच्या, "का ते सोड. नाय केलं, हे खरं." त्यांना मावशी म्हटलेलं चालायचं नाही, आजी म्हटलं तर अंगावर धावून यायच्या. आम्ही सगळे बाईच म्हणायचो.

त्यांचा सिद्धांत एकच होता. वस्तू मरत नाही, जोड मरतो. रेडिओ असो, इस्त्री असो, पंखा असो, बाई आधी जोड उघडणार, घासणार, बसवणार. त्यासाठी ब्लाउजमध्ये कायम एक खोडरबर. पोरं वहीतलं खोडतात तसलाच, साधा. त्यानं त्या तारेची टोकं, पिना, बॅटरीची तोंडं घासायच्या. एकदा बँकेचं कार्ड मशीन घेत नव्हतं, तर बाईंनी भर रांगेत खोडरबर काढून कार्ड घासलं. मागचे लोक खोळंबले होते. बाईंना त्याचं काहीही नाही.

आता बाईंचं सगळंच बरोबर यायचं असं समजू नका. शेजारच्या काकांचा टीव्ही त्यांनी असाच उघडला, आतलं सगळं घासून काढलं, बंद केला, आणि तो कायमचा गेला. काकांनी बोलणं टाकलं. बाई दर उन्हाळ्यात त्यांच्या ओट्यावर पाटीभर आंबे ठेवून यायच्या, काका आंबे खायचे आणि बोलायचे नाहीत. कोणी विषय काढला तर बाई सरळ सांगायच्या, "त्याचा टीव्ही मी मारला." त्यात लाज नाही की लपवाछपवी नाही. मला बाई आवडायला लागल्या त्या इथून.

घरात त्यांनी जुने फोन जोडून ठेवले होते. काळे, जड, रिसीव्हर उचलला तर मनगट दुखावं असले. एक त्यांच्या खाटेजवळ, एक चुलीपाशी, एक माझ्या खोलीत. माझी खोली आणि त्यांचं स्वयंपाकघर यांच्यात एक भिंत. नुसतं खाकरलं तरी ऐकू जायचं. पण नाही, बाई फोन करणार. घंटा वाजायची, मी उचलायचे. "चहा टाकते. येतेस?" मी हो म्हटलं की त्या म्हणायच्या, "लाइन ओके," आणि ठेवून द्यायच्या. बरं ठेवते, भेटू, असलं काही नाही. संध्याकाळी दवाखान्यातून आले आणि ती घंटा वाजली नाही तर मला चुकल्यासारखं व्हायचं.

मी त्या खोलीत राहत होते कारण माझं घर धसईला. डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला, त्या पायात जोर नाही. धसईहून बसने सरळगाव, तिथून दुसरी गाडी धरून शहापूर, उभ्याने, पावसात, आणि संध्याकाळी तेच उलटं. सुरुवातीला केलं. मग पाय सुजायला लागला आणि डॉक्टर म्हणाले, एक तर नोकरी सोडा नाहीतर हा प्रवास. नोकरी सोडून चालणार नव्हतं. सोमवार ते शनिवार बाईंकडे, रविवार धसईला. माझी लेक तेव्हा दुधाचे दात पडायच्या वयाची. ती सासूबाईंजवळ राहायची, मी त्यांना आई म्हणते. रविवारी गेले की पहिला तासभर ती माझ्याशी पाहुण्यासारखी वागायची, आईंच्या पदराआडून बघायची, आणि जवळ येऊन बडबडायला लागायची तोवर माझी निघायची वेळ व्हायची. मला ते सहन व्हायचं नाही. मी बाईंच्या घरी येऊन भांडी जोरात आपटायचे.

मग गाडी आली. क्लच नसलेली, गिअर आपोआप पडणारी. आमच्याकडे तिला सगळे बिनक्लचची गाडी म्हणतात. डाव्या पायाला काही कामच नाही. नवऱ्याने पैसे जमवले, मी गाडी शिकले, माझ्या पायाचा दाखला लावून लायसन काढलं, आणि एक दिवस मी स्वतः चालवत धसईहून शहापूरला आले, संध्याकाळी परत घरी गेले. पोरगी ओट्यावर बसली होती. तिने दप्तर तसंच टाकलं आणि धावत आली. त्या दिवसापासून मी रोज घरी जायला लागले. खोली सोडली.

बाईंना ते मुळीच आवडलं नाही. मी पेढे घेऊन गेले तर गाडी बघायला अंगणातसुद्धा आल्या नाहीत. "डबा हाय तो," म्हणाल्या. "माणसाच्या हातात गिअर नाय, म्हणजे गाडी तुला चालवते." पेढा मात्र दोनदा घेतला.

त्या डब्याने मला सुखाचे दिवस दाखवले हे मी कुठेही सांगेन. पण वर्ष-दीड वर्ष झालं आणि तो रुसायला लागला. चढावर असताना एकदम गिअर सुटायचा. समोरच्या काचेखाली गिअरचा आकडा दिसतो, तो लुकलुकायचा, मग नुसता एन यायचा, म्हणजे न्यूट्रल, कुठलाच गिअर नाही, आणि इंजिन भणभणतंय पण गाडी जागची हलत नाही. बंद करून थोडं थांबून चालू केली की पुन्हा सुरळीत, जसं काही झालंच नाही. कल्याणला वर्कशॉपमध्ये नेली. तिथला मुलगा सज्जन होता, त्याने कॉम्प्युटर लावून दाखवला. बॅटरीशेजारच्या एका खोक्यावर बोट ठेवून म्हणाला, मॅडम, गिअर बदलणारा मेंदू हा, हाच उत्तर देत नाहीये, सगळा संच बदलावा लागेल. आकडा ऐकून आम्ही नवराबायको एकमेकांकडे बघत बसलो. नवरा म्हणाला, "आपण विकू ही. चालतेय तोवर विकू."

विकू म्हणजे काय, ते आम्हा दोघांना माहीत होतं. मला बिनक्लचचीच लागते, आणि पुन्हा तसली गाडी घ्यायची ऐपत नव्हती. म्हणजे पुन्हा खोली, पुन्हा रविवार.

मी गादी, स्टोव्ह, कुकर, बादली असा संसार गाडीत टाकला, चढ टाळत टाळत शहापूरला आले आणि बाईंना म्हटलं, "थोड्या दिवसांसाठी." बाईंनी खोली उघडून दिली. मच्छरदाणीसुद्धा बांधलेली होती. संध्याकाळी घंटा वाजली, "चहा टाकते. येतेस?" त्यांच्या आवाजातला आनंद काही लपत नव्हता. मला त्यांचा रागही आला आणि रडूही आलं.

चहा पिताना मी म्हणाले, "बाई, गाडीचा गिअरबॉक्स गेला."

म्हटल्यावर माझी मलाच जीभ चावावीशी वाटली. बाईंनी कप खाली ठेवला. "गेला काय? कुठं गेला? काय होतं तेवढं सांग."

मग मी सांगितलं. चढावर होतं. सपाटीवर क्वचित. दिवे, पंखा, वायपर सगळं एकदम लावलं की जास्त. आकडा लुकलुकतो, मग एन. थांबलं की बरी होते. बाई मधेच थांबवून तेच पुन्हा विचारत होत्या, जसं पोलीस चोराला विचारतात. मी "बहुतेक" म्हटलं की डोळे वटारायच्या. शेवटी म्हणाल्या, "गेलेली वस्तू परत येत नाय. ही तर जाते-येते. म्हणजे गेलेली नाय. जोड हाय कुठंतरी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ज्याला डबा म्हटलं होतं त्याचं बॉनेट उघडलं. बॅटरीच्या तोंडांवर पांढरी बुरशी आली होती. बाईंनी गरम पाणी ओतलं, घासलं, खोडरबर झिजवला, पान्याने आवळलं. आम्ही दोघी डोळखांबच्या रस्त्याला चढावर गेलो. आकडा हलला नाही. बाई खिडकीतून बाहेर हात काढून गुरांना हाकलावं तसं समोरच्या रिक्षांना हाकलत होत्या, इतक्या खुशीत.

सामान खोलीतच ठेवून मी त्या संध्याकाळी घरी गेले. आईंना इतका आनंद झाला की त्यांनी माझी दृष्ट काढली, गाडीची काढली, आणि जाता जाता नवऱ्याचीही काढली. पुढचे काही दिवस सगळं छान चाललं. आणि मग एका सकाळी सरळगाव ओलांडल्यावर पुलाच्या चढावर गाडीने हात वर केले. मागे भाताच्या पोत्यांनी भरलेला टेम्पो. त्याने करकचून ब्रेक मारला, वरची दोन पोती सुटून माझ्या मागच्या काचेवर. काच तडकली. मला काही झालं नाही. मी दार उघडून उतरले. टेम्पोवाल्याने शिव्या घातल्या, मग माझा पाय बघितला, आणि त्यानेच मला टोचन करून बाईंच्या दारात आणून सोडलं.

मी बाईंसमोर बसले आणि म्हटलं, "विकते मी. बस झालं. एक दिवस मरेन, पोर आईविना होईल. त्यापेक्षा रविवार बरा."

बाईंनी माझी समजूत वगैरे घातली नाही. मग म्हणाल्या, "मी चुकले. वरचं पुसलं आणि खूश झाले. तारा हलवताना खालचा जोड जरा बसला असेल, मला वाटलं माझ्यामुळं झालं." मग पुन्हा ती चौकशी सुरू. "बरी झाली त्या दिवसापासून सांग. गाडीला काय काय झालं?"

"काही झालं नाही."

"पेट्रोल?"

"भरलं."

"धुतली?"

"नाही."

"कोणी बॉनेट उघडलं?"

"कोणी नाही. म्हणजे पूजेला उघडलं असेल, अवस होती ना."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मीच घाबरले. "पूजेला काय करतात?"

मला खरंच सांगता येईना. मी तेव्हा न्हाणीघरात असते, नवरा आणि आई करतात. बाई म्हणाल्या, "रोजचं असतं ते कोणी सांगत नाय गो. एक्स्चेंजलाही असंच. लोक सांगायचे काय नाय झालं, आणि बघायला गेलं तर फोनच्या तारेवर लुगडी वाळत घातलेली." दुसऱ्या दिवशी सकाळी छत्री घेऊन त्या एसटीत बसल्या आणि एकट्या धसईला गेल्या. मला येऊ दिलं नाही. "तू असलीस तर ती माऊली तुझ्या तोंडाकडं बघून बोलेल."

तिथे काय झालं ते मला नंतर पोरीने सांगितलं. बाई ओट्यावर बसल्या, आईंच्या हातची भाकरी आणि वालाची भाजी जेवल्या, आणि गाडीबद्दल चकार शब्द न काढता अवसेला तुमच्याकडे काय करतात असं विचारलं. आई खुलल्या. दर अवसेला गाडीला नारळ. आधी चाकापुढे फोडायचे, पण आईंच्या मनात आलं, चाकाला काय कळतंय, जीव तर आत आहे. मग बॉनेट उघडून इंजिनाला हळद-कुंकू वाहायचं आणि नारळाचं पाणी वरून सोडायचं. गाडी रुसायला लागली तेव्हा आईंनी एकाचे दोन नारळ केले. वर्कशॉपच्या मुलाने कुठल्या खोक्यावर बोट ठेवलं ते नवऱ्याने घरी दाखवलं होतं. तेव्हापासून आई बरोब्बर त्या खोक्याजवळ पाणी सोडायच्या. दुखतं तिथंच औषध लावायचं ना.

बाई परत आल्या त्या न बोलताच गाडीशी गेल्या. मी मागोमाग. त्यांनी तारा न सोडता बॅटरी उचलून बाजूला ठेवली. खालच्या खोबणीत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, कुंकवाचा चिखल, नारळाच्या शेंड्या. आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक जाड काळी तार, बोल्टने गाडीच्या अंगाला आवळलेली. तिचं टोक हिरवंगार. जुन्या तांब्याच्या देवाला येतो तसला हिरवा.

"ही बघ," बाई म्हणाल्या. "वीज खोक्यात जाते तशी तिला परतही यावं लागतं. तिचा परत यायचा रस्ता हा. गोड पाणी पडलं, सुकलं, चिकटलं, पुन्हा पडलं. रस्ता बुजत गेला. सपाटीवर थोडी वीज लागते, तेवढी येते. चढावर गिअर बदलायला जास्त लागते, वरून दिवे-पंखा, मग पुरत नाय. खोकं बिचारं गप्प होतं. तो पोरगा खोटं नाय बोलला. उत्तर देत नव्हतंच ते."

पण एकदा तोंडावर आपटल्यामुळे बाई सावध होत्या. लगेच घासलं नाही. त्यांनी एक जाड तार आणली, एक टोक बॅटरीला, दुसरं गिअरच्या लोखंडाला चिमट्याने धरलं, जुना जोड तसाच हिरवा ठेवला, आणि मला म्हणाल्या, "लाव सगळं. दिवे, पंखा, वायपर. गिअर टाक." आकडा गुमान उभा. मग त्यांनी चिमटा काढला. आकडा लुकलुकला, एन. चिमटा लावला, एक. काढला, एन. चार-पाचदा केलं. प्रत्येक वेळी तेच. मी स्टीअरिंगवर डोकं ठेवून रडले. बाई बॉनेटमागून ओरडल्या, "रडतेस काय, ब्रेक धर नीट."

मग बाईंनी बोल्ट सोडला, पॉलिशपेपरने तारेचं टोक आणि पत्रा लख्ख घासला, आवळला, वरून ग्रीस लावलं. मी लगेच निघायला बघत होते, तर म्हणाल्या, "थांब. रिकाम्या गाडीची परीक्षा मी मागं घेतली, तिचा काय उपयोग झाला पायलास. भरून चढव. वजन पायजे." आणि वजन म्हणून त्यांनी माझ्याच खोलीतून एकेक काढायला सुरुवात केली. गादी, कुकर, स्टोव्ह, बादली, तांदळाचा डबा, कपड्यांची पेटी. मी म्हटलं, "बाई, अंगणात विटा आहेत, त्या घालू." म्हणाल्या, "विटांनी सीट फाटेल." बाईंशी वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. शेवटी त्या पुढच्या सीटवर छत्री घेऊन बसल्या. "चल. तुझ्याच रस्त्यानं घे. जिथं फसली तिथूनच जायला पायजे."

त्या पुलाचा चढ आला. बाईंनी दिवे लावले, वायपर लावले, ऊन असताना, पंखा पूर्ण. आकडा दोन, मग एक, आणि गाडी मुकाट वर गेली. पुढे सरळगाव आलं. मी विचारलं, "वळवू?" बाई म्हणाल्या, "अजून नाय खात्री." असं करत करत त्यांनी मला धसईपर्यंत आणलं.

गाडीचा आवाज ऐकून आई धावतच बाहेर आल्या, हातात नारळ. गाडी स्वतःच्या चाकांवर परत आली, मग दुसरं काय करणार. पोरगी मागे हळद-कुंकवाची वाटी घेऊन. नवऱ्याने सवयीने बॉनेटला हात घातला. आणि बाई, ज्या एरवी एकेक पायरी जपून उतरायच्या, त्या टुणकन उतरून बॉनेटसमोर दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"ताई, थांबा."

मला भीती होती ती हीच. आईंना कळलं की आपल्याच नारळाने सून पुलावर अडकली, तर त्या अन्न सोडतील. माझी पोर त्यांनी वाढवली होती. मी घरी सुखरूप यावं म्हणून तर एवढा खटाटोप.

बाईंनी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, आवाजही चढवला नाही. आई ऐकत गेल्या आणि त्यांचा नारळाचा हात खाली खाली येत गेला. म्हणाल्या, "मंग इतके दिस मीच गो तिला मारत होते?"

"नाय," बाई म्हणाल्या. "तुमी दर अवसेला न चुकता केलंत म्हणून मला सापडलं. कधी केलं, कधी नाय, असं असतं तर मी अजून शोधत बसले असते. नारळ बरोबर हाय. जागा तेवढी बदला. पूर्वी चाकापुढं फोडत होतात ना, तिथंच फोडा. मी एकाचा टीव्ही मारलाय ताई. त्याला अजून आंबे देते. तुमची तर गाडी उभी हाय."

आईंनी खाली वाकून चाकापुढे धोंडा ठेवला आणि नारळ फोडला. पहिल्या फटक्यात दोन शकलं. बाईंनी खोबऱ्याचा मोठा तुकडा उचलून तोंडात टाकला.

तोवर पोरीने मागचं दार उघडलं होतं. "आई, तुझी गादी? तुझी बादली?" मी सांगणार होते की ते वजन आहे, परत न्यायचंय. बाई म्हणाल्या, "उतरव सगळं. आत ने." पोरगी बादलीत कुकर घालून पळालीसुद्धा. नवऱ्याने गादी खांद्यावर घेतली. मी बाईंकडे बघत उभी.

त्यांनी माझ्यापुढे हात केला. "खोलीची किल्ली दे."

"बाई, पुन्हा बंद पडली तर? थोडे दिवस राहू दे ना खोली."

"राहू दे म्हणजे? उद्या दुसरी पोर येते राहायला. शाळेत लागलीय. तिला शब्द दिला मी."

मी पर्समधून किल्ली काढून दिली. मनात म्हटलं, काय ही बाई, मी असताना खोली दुसऱ्याला देऊन मोकळी. जरा लागलंच मला. त्यांनी किल्ली ब्लाउजमध्ये टाकली, आईंच्या हातचा चहा घेतला, नवरा सोडायला येतो म्हणाला त्याला झिडकारलं, आणि दुपारच्या एसटीने एकट्या परत गेल्या.

नंतर मी रोज त्यांच्या घरावरून जात होते, पण थांबणं व्हायचं नाही. घरी पोचायची घाई. दोनेक महिन्यांनी एका संध्याकाळी लवकर सुटले म्हणून गेले. बाई मागे पाणी तापवत होत्या. मी सहज त्या खोलीत डोकावले. मच्छरदाणी बांधलेली. खिळ्यावर मी विसरलेली माझी ओढणी तशीच. कोपऱ्यात फोन, त्यावर धुळीचा थर. कोणी राहिल्याची खूण नाही.

चहा घेताना मी विचारलं, "बाई, ती शाळेतली पोर कुठे गेली?"

"गावाला गेलीय," बाई म्हणाल्या, आणि बशी पुसत बसल्या.

मी चहा संपवला, त्यांना वाकून नमस्कार केला, जो मी कधी करत नसे, आणि त्यांनी "हे काय नवीन" म्हणून माझ्या पाठीत धपाटा घातला. "नीघ," म्हणाल्या, "पोर वाट बघत असेल." अजून ऊन होतं. मी गाडी चालू केली आणि घरी गेले.